तुम्ही विचारलंत म्हणून: निघोजला कधी जायचं आणि तिथे आहे तरी काय?

दसरा उलटला की हा प्रश्न येतोच. पुण्याहून एका दिवसात होईल, चढायला लागणार नाही, आई-बाबांना पण नेता येईल असं काहीतरी सांग. मी निघोजचे रांजणखळगे म्हटलं की लगेच पुढचं, "दगडातले खड्डे बघायला एवढ्या लांब?"

हो, खड्डेच बघायला. पण वेळ साधून. पावसाळ्यात कुकडी नदी भरून वाहते तेव्हा अर्धेअधिक खळगे पाण्याखाली असतात आणि उन्हाळ्यात तो काळा कातळ असा तापतो की बूड टेकवायची सोय नाही. पाणी उतरलंय पण आटलं नाहीये, खाली निमुळत्या घळीतून नदी अजून आवाज करत चाललीये, हे दिवाळीच्या मागेपुढे बघायला मिळतं. वाटेवर बाजरी काढून झालेली असते, कुठे कांद्याची रोपं लावणं चालू असतं, हवा धुतल्यासारखी स्वच्छ. ऑक्टोबर हीट आहेच म्हणा, म्हणून सकाळी सहाला निघा, वाघोलीची गर्दी पण टळते. नगर रोडने शिरूर, तिथून आत वळायचं, पुण्यापासून साधारण 90 किमी धरा. नदीच्या अलीकडे शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज, आणि मधे झुलता पूल. गावात रांजणखळगे कुठे विचारण्यापेक्षा कुंड कुठे विचारा, लगेच सांगतात. काठावर मळगंगेचं देऊळ आहे, चैत्रात तिची मोठी यात्रा असते, तेव्हा गर्दी नको असेल तर जाऊ नका.

आता खड्ड्यांचं. जुन्नरकडे नाणेघाटाच्या बाजूला उगम पावलेली कुकडी इथे बेसॉल्टच्या सलग थरावरून जाते. खडकात कुठेतरी बारीकशी खोलगट जागा असते, पुरात वाहत आलेला गोटा तिच्यात अडकतो, पाण्याचा भोवरा त्याला गरागरा फिरवतो आणि तो गोटा उखळातल्या मुसळासारखा खालचा दगड झिजवत बसतो. पूर ओसरला की काम बंद, पुढच्या वर्षी परत चालू, असं हजारो वर्षं. काही खळगे तर माणूस उभा मावेल एवढे खोल झालेत.

म्हणून माझं सांगणं एकच असतं, पुलावरून फोटो काढून परत फिरू नका. काठापासून आतला, पाण्यापासून लांबचा एखादा छोटा कोरडा खळगा निवडा आणि निवांत बघा. तळाशी गोटे दिसतील, गुळगुळीत, गोल, काही चिंचोक्याएवढे काही नारळाएवढे, हीच ती हत्यारं, ज्यांनी खड्डा केला ती अजून आतच पडलेली! ते घरी आणू नका प्लीज. आतल्या भिंतीवरून हात फिरवलात तर आडव्या गोल लाटा लागतात. आणि शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत झिजून झिजून आरपार गेलेली पण बघा, असे खळगे एकमेकांत मिसळत मिसळतच ती मधली घळ झालीये. मला स्वतःला पूर्ण खळग्यापेक्षा या अर्धवट फुटलेल्या भिंती जास्त आवडतात.

लहान मुलांचा हात सोडू नका. कडेला शेवाळ असतं, खळग्याची भिंत सरळसोट असल्यामुळे आत पडलं की धरायला काही नसतं, लोक बुडालेत तिथे, आणि वर कुकडी प्रकल्पातली धरणं आहेत त्यामुळे पाणी सोडलेलं असेल तर लेव्हल वाढते. देवळापाशी कुणालातरी विचारूनच खाली उतरा. पोहणं नाहीच. चपलेऐवजी ग्रिपचे बूट, पाणी आणि टोपी.

दोन तास पुरतात. रांजणगावचा गणपती वाटेवरच आहे पण तो येताना करा, जाताना थांबलात तर कातळावर पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि मग सगळे देवळाच्या सावलीतून हलत नाहीत, आई-बाबा तर नाहीच नाही.