पर्थचं वेस्ली चर्च: आधी मनोरा, मग भिंत

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये, पर्थ अंडरग्राउंड स्टेशनातून विल्यम स्ट्रीटवर बाहेर पडून दक्षिणेकडे चालू लागलं की पाचेक मिनिटांत ‘हे’ स्ट्रीटचा चौक येतो. कोपऱ्यावरचं विटांचं, टोकदार मनोऱ्याचं चर्च म्हणजे वेस्ली चर्च. पाया 1867 मध्ये घातला, 1870 मध्ये ते खुलं झालं. बांधलं मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी; 1977 पासून ते युनायटिंग चर्चकडे (मेथडिस्ट आणि इतर प्रोटेस्टंट पंथांच्या एकत्रित चर्चकडे) आहे. वास्तुकार रिचर्ड रोच ज्युएल.

मनोरा सुमारे 35 मीटरचा. फोटो अगदी पायथ्यापासून काढला तर तो मागे कलल्यासारखा येतो, म्हणून रस्ता ओलांडून पलीकडून काढा. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो आणि आजूबाजूला उंच इमारती आहेत. सकाळी लवकर किंवा उशिरा दुपारी गेलात तर भिंत सावलीत सापडते. दहा ते बारा ही वेळ बरी. जानेवारी-फेब्रुवारीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पाणी आणि टोपी हवीच.

मग भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा. खरं बघण्यासारखं आहे ते इथेच. प्रत्येक थरात एक वीट लांबीने, पुढची डोक्याने (म्हणजे अरुंद टोकाने), पुन्हा लांबीने: विटा रचण्याची ही पद्धत म्हणजे फ्लेमिश बॉन्ड. डोक्याची वीट खालच्या थरातल्या लांब विटेच्या बरोबर मध्यावर बसते आणि भिंतीत आडवी शिरून पुढची-मागची बाजू बांधून ठेवते. पर्थच्या आजच्या घरांच्या भिंतीत विटा नुसत्या लांबीनेच दिसतात, त्यामुळे फरक लगेच कळतो.

आता रंग. विटा लाकडाच्या भट्टीत भाजलेल्या. भट्टीत आच सगळीकडे सारखी नसते. जाळाजवळची वीट काळपट होते, लांबची फिकट राहते. केशरीपासून जांभळट काळ्यापर्यंतच्या त्या छटा कुठल्याही रंगकामाने येणाऱ्या नाहीत.

जुन्या विटकामात बिघाड कसा ओळखायचा? त्या काळची बांधणी चुन्याची. चुना मऊ, त्यामुळे जमिनीतून चढलेली ओल सांध्यांवाटे निघून जाते. पुढे कुणी दर्जा (विटांमधले सांधे) सिमेंटने भरल्या की ती वाट बंद होते, पाणी विटेतून बाहेर पडू लागतं, लोणा (क्षारांचा थर) धरतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात. करडे, टणक सांधे आणि शेजारी खड्डा पडलेली वीट असं दिसलं की कारण बहुधा हेच. बोटाने खरवडू मात्र नका.

आत जायचं तर रविवारची सकाळ टाळा, उपासना असते.

पुढे ‘हे’ स्ट्रीटनेच पूर्वेला जा. बॅरक स्ट्रीटच्या कोपऱ्यावर टाउन हॉल: वास्तुकार ज्युएलच, साल तेच 1867-70, बांधणारे मात्र कैदी. दोन्हींचं विटकाम लागोपाठ बघितल्याशिवाय फेरी अपुरी आहे. वेळ असेल तर सेंट जॉर्जेस टेरेसवरचं ज्युएलचीच 1858 ची क्लॉइस्टर्स ही जुन्या शाळेची इमारतही बघा.

शेवटी फुकटची रेड कॅट बस धरून क्वीन्स गार्डन्सला, वाका क्रिकेट मैदानाच्या शेजारी. टाउन हॉलच्या विटांची माती इथल्या खाणींतली. 1899 मध्ये त्यांची बाग झाली. आज कमळं फुलतात ती तळी म्हणजे त्या मातीचेच खड्डे.