'दीर्घ श्वास घ्या' म्हणायचं मी सोडलं तो दिवस

मी चेस्ट फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे ज्यांना चार पावलं चाललं की दम लागतो, ऑपरेशननंतर ज्यांच्या छातीत कफ अडकून बसतो, व्हेंटिलेटर निघाल्यावर ज्यांना पुन्हा स्वतःच्या दमावर श्वास घ्यायचा असतो, अशी माणसं माझ्याकडे येतात. बारा वर्षं झाली या कामाला. या बारा वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा गेलेलं वाक्य म्हणजे "दीर्घ श्वास घ्या". एका मंगळवारी तेच वाक्य बोलले आणि समोरच्या माणसाचा जीव अक्षरशः कासावीस झाला. आता ते वाक्य ओठांवर आलं तरी मी आधी समोरच्याची छाती बघते. लिहून ठेवतेय कारण त्या दिवशी जी चूक माझ्याकडून झाली तीच लोक घरी बसून रोज करतात, तेही मन लावून.

ओपीडी संपत आली होती. एक काका मुलीच्या खांद्यावर हात ठेवून आत आले, साठी उलटलेली. खुर्चीत बसले ते पाठ टेकून नाही, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. आमच्याकडे माणूस बसतो कसा यावरूनच निम्मं कळतं. हात असे टेकवले की खांदे स्थिर होतात आणि मग मानेचे आणि छातीचे स्नायू बरगड्या वर ओढायला मोकळे होतात, हे कुणी शिकवत नाही, दम लागलेलं शरीर आपणहून शोधून काढतं. काकांच्या मानेच्या दोन्ही बाजूच्या शिरा-स्नायू दोरीसारखे ताठ झाले होते आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. तीन-चार शब्दांवर वाक्य तुटायचं, उरलेलं मुलगी पूर्ण करायची. तिला सवय झाली होती त्याची, ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

तीस वर्षं सिगारेट, दोन वर्षांपूर्वी सोडलेली. सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं, निदान आधीच झालेलं, औषधाचा पंप (इनहेलर) चालू. पण महिनाभरात त्रास अचानक वाढला म्हणून डॉक्टरांनी तपासून, नवीन इन्फेक्शन नाही, हृदयाचं काही नाही हे बघून मग माझ्याकडे पाठवलं होतं. मी विचारलं, या महिन्यात नवीन काय सुरू केलंत? मुलीने पिशवी उघडली. त्यातून निघालं फुग्यांचं एक पाकीट, तीन बॉलवालं मशीन आणि एक वही. वहीत रोजची तारीख घालून सुंदर अक्षरात लिहिलेलं, श्वास किती सेकंद रोखला ते, २२, २५, २४, २६, आणि खाली 'फुगे २०'. मोबाईलवर कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे, जितका जास्त वेळ श्वास रोखाल तितकी फुप्फुसं मजबूत. एकही दिवस चुकवला नव्हता काकांनी. वही बघून गलबललं मला, एवढी मेहनत आणि सगळी उलट्या दिशेने.

ऑक्सिमीटर लावला, रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्के. श्वास मोजले, मिनिटाला २८, शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. मी सवयीने एक हात त्यांच्या छातीवर, एक पोटावर ठेवला आणि म्हटलं, "काका, एक दीर्घ श्वास घ्या." त्यांनी घेतला. "अजून मोठा, आत भरून घ्या." परत घेतला. चौथ्या श्वासाला त्यांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला, डोळे मोठे झाले, मुलगी उठून उभी राहिली. आणि ते म्हणाले, "आत... जागाच नाही... मॅडम. जागाच नाही."

त्या एका वाक्यात त्यांचा सगळा आजार होता. मला पुस्तकातून पाठ होता तो, पण मी वागत होते त्याच्या बरोब्बर उलट. सीओपीडीत त्रास असतो हवा बाहेर पडण्याचा. श्वास सोडताना आतल्या बारीक नळ्या मिटतात, हवा मागे अडकते, पुढचा श्वास त्या अडकलेल्या हवेवर येतो, मग त्याच्या पुढचा. छाती पिंपासारखी भरून राहते. छाती आणि पोटाच्या मधे घुमटासारखा स्नायू असतो, श्वासपटल, साध्या शांत श्वासाचं मुख्य काम तोच करतो, तो या भरलेल्या छातीखाली दाबला जाऊन सपाट होतो. सपाट झाला की खाली जायला त्याला जागाच उरत नाही, म्हणून मान आणि खांदे कामाला लागतात. आणि मी काय करत होते, तर भरल्या घागरीत अजून पाणी ओतायला सांगत होते.

मी काकांच्या समोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, "घ्यायचा विचार सोडा आता. फक्त बाहेर सोडायचा. घेणं आपोआप होईल." टिश्यू पेपरची एक पट्टी फाडून त्यांच्या ओठांसमोर धरली. नाकाने साधा श्वास, मनात दोन आकडे. मग ओठांचा चंबू करून, लहान मुलाला लागल्यावर फुंकर घालतो तशी हळू फुंकर, चार आकडे. पट्टी फडफडायला नको, नुसती एका बाजूला कलून राहायला हवी. पहिल्यांदा काकांनी जोरात फूं केलं, पट्टी उडाली. जोर लावला की त्या बारीक नळ्या अजून मिटतात. दुसऱ्यांदाही तेच. पाचव्या-सहाव्या वेळी पट्टी कलली आणि कललेलीच राहिली, एक, दोन, तीन, चार. चंबू केल्यामुळे आत जो थोडा दाब राहतो तो नळ्या उघड्या ठेवतो आणि अडकलेली हवा हळूहळू बाहेर येते, बाकी यात काही जादू नाही. सात-आठ मिनिटांनी परत मोजलं तर श्वास २० वर आले होते, ऑक्सिमीटर ९४ दाखवत होता. पण मी बघत होते त्यांचे खांदे. कानाला लागलेले खांदे दोन बोटं खाली आले होते.

मग म्हटलं, तुमचा पंप घेऊन दाखवा. हे मी आता प्रत्येकाला करायला लावते, कारण "हो घेतो ना" या उत्तराला काही अर्थ नसतो. काकांनी न हलवता पंप दाबला आणि मग श्वास ओढला, तोही झटक्यात. म्हणजे औषध बरंचसं घशालाच लागत होतं. पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, हळू आत ओढायला सुरुवात करताना दाबायचा, ओढत राहायचं, आणि जमेल तितका वेळ, दहापर्यंत आकडे मोजत श्वास धरून थांबायचं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर सगळं सोपं होतं, दाबणं आणि ओढणं जुळवायची कसरत राहत नाही. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर गुळण्या. तीन बॉलच्या मशीनमधे तर काका फुंकत होते! ते आत ओढायचं यंत्र आहे, ऑपरेशननंतर फुप्फुसांचा खालचा भाग मिटून राहू नये म्हणून मुख्यतः वापरतात. काकांना त्याची गरजच नव्हती, फुग्यांचीही नव्हती.

श्वास रोखण्याबद्दल थोडं स्पष्टच बोलते. श्वास रोखल्यावर जी तगमग होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. सरावाने ती तगमग सहन करायची सवय होते, सेकंद वाढतात, आणि माणसाला वाटतं फुप्फुसं सुधारली. फुप्फुसांचा आजार असलेल्या माणसाचा ऑक्सिजन त्या वेळात खाली घसरू शकतो. फुप्फुसं साफ करणारे काढे आणि पावडरी घेऊनही लोक येतात माझ्याकडे. श्वासनळीत आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, कफ वर ढकलत राहणं हे त्यांचं रात्रंदिवसाचं काम, आणि धूर त्यांना लुळं करतो. धूर बंद करणं हीच सफाई. सिगारेट सोडल्यावर काही आठवडे खोकला उलट वाढू शकतो, त्यात हे तंतू परत कामाला लागण्याचाही भाग असतो, आणि तेव्हाच घाबरून कितीतरी लोक परत सिगारेट पेटवतात, ते ऐकलं की फार हळहळ वाटते.

त्याच आठवड्यात काकांची सहा मिनिटांची वॉक टेस्ट घेतली, म्हणजे तेवढ्या वेळात माणूस किती अंतर चालतो ते बघायचं. दोन वेळा थांबून १९० मीटर. मग आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस: चालणं, खुर्चीतून उठ-बस, हलकी वजनं, आणि सगळ्यात एकच नियम, जोर लावताना श्वास सोडायचा. वाकताना सोडा, उचलताना सोडा, पायरी चढताना सोडा. घरी काय झालं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं हेही मुलीकडून पाठ करून घेतलं: ओठ निळे पडले, बोलता येईना, भ्रमात गेले किंवा खूप झोपाळले, तर व्यायाम वगैरे काही करत बसायचं नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांशी बोलायला लावलं.

आठ आठवड्यांनी टेस्ट घेतली, एकदाही न थांबता २७५ मीटर. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायच्या तपासणीचा, नवा रिपोर्ट जुन्याशेजारी ठेवला तर आकडे जवळपास तेच. काका थोडे खट्टू झाले, "म्हणजे फुप्फुसं तशीच?" मी म्हटलं, हो काका, जे गेलंय ते परत आणता येत नाही, पण तुमचे पाय आता तेवढ्याच ऑक्सिजनमधे जास्त काम करतात आणि हवा आत अडकत नाही पूर्वीसारखी. खोटं सांगून खूश केलं असतं तर ते परत फुग्यांकडे वळले असते. त्यांनी दोन्ही रिपोर्ट परत एकदा वाचले, घडी घालून वहीत ठेवले.

त्या दिवशी लिफ्ट चालू असताना ते जिन्याने निघाले, त्यांना आमच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरांना भेटायचं होतं. मुलगी मागे दोन पायऱ्यांवर. मी दारात उभी राहून बघत होते. नवव्या पायरीवर काका थांबले, कठड्याला हात टेकवला, ओठांचा चंबू केला. माझ्या तोंडात शब्द आलेला, पण बोलले नाही. त्यांचं त्यांनी मनात मोजलं आणि दहावी चढले.