परिपाठातली मूल्यं आणि वर्गातली मूल्यं

आमच्या पिढीतल्या मास्तरांना विचारा, मूल्यशिक्षण म्हटलं की परिपाठच आठवतो, म्हणजे प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा आणि मग ती दहा मूल्यं, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा वगैरे, पोरं घडाघडा म्हणून दाखवायची आणि पाणी प्यायला नळावर गेली की तिथेच ढकलाढकली सुरू 😄 पाठांतराने स्वभाव बदलत असता तर काय हवं होतं!

म्हणून मला 'मूल्यवर्धन' हा शाळांमधला मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम जास्त पटतो. शांतिलाल मुथा फाउंडेशनने 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या झेडपी शाळांपासून हे सुरू केलं (हे तेच मुथा, ज्यांनी 1993 च्या लातूर भूकंपानंतर तिथली मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली). पाया संविधानातल्या मूल्यांचा, न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता, पण वर्गात हे शब्द फळ्यावर लिहून पाठ करून घेत नाहीत. जोडीचर्चा, गटकाम, सहयोगी खेळ. जोडीत कसं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकायचं आणि मग पाळी बदलायची. मागच्या बाकावरची गप्प पोरगी यात बोलते, कारण ऐकणारं एकच असतं, अख्खा वर्ग नाही.

अडचण एकच, आणि ती मोठीए. सर स्वतः "ए गप्प बस" म्हणत असतील तर कार्डं, पुस्तिका, ट्रेनिंग सगळं वाया. त्यात सरांच्या मागे ऑनलाइन माहिती भरा, सर्व्हे करा, अमुक अहवाल द्या हे लचांड आहेच. आधी त्यांना जरा वेळ द्या राव.