आमची वाटचाल : कोनापासून कमानीपर्यंत

सोलापुरात माग आहेत तोवर कागदी नळीला मरण नाही, या हिशेबाने वडिलांनी एमआयडीसीत गाळा घेतला. सूत गुंडाळायला कोन म्हणजे कागदी शंकू, टॉवेलचं कापड गुंडाळायला नळी, गिऱ्हाईक दारातच. पण माग थंडावले की आमचं मशीनही थंड, आणि उधारी मात्र जिथल्या तिथे. नळीला दुसरं गिऱ्हाईक शोधणं भाग होतं.

नळीत किती दम आहे ते कामगारांना आमच्याआधी ठाऊक होतं. रिजेक्ट नळ्या उभ्या करून त्यावर फळी टाकायची, की झालं जेवणाचं टेबल. पुढे शिगेरू बान या जपानी वास्तुविशारदाबद्दल वाचलं. १९९५च्या कोबे भूकंपानंतर त्यांनी १०६ मिलिमीटर व्यासाच्या, फक्त ४ मिलिमीटर जाडीच्या कागदी नळ्यांच्या भिंती उभारून घरं दिली. पाया काय, तर वाळूच्या पिशव्या भरलेले बिअरचे क्रेट! २००१च्या भूकंपानंतर भुजमध्येही त्यांनी अशी घरं बांधली. किल्लारीचा हादरा बसलेल्या आम्हा लोकांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आम्ही घरं बांधत नाही. प्रदर्शनाचे स्टॉल, स्टेजची कमान, चादरीच्या दुकानातले रॅक, एवढाच आमचा पसारा. पण तेवढ्यातही कागद सगळं शिकवतो. क्राफ्ट म्हणजे जाड तपकिरी कागदाच्या पट्ट्या गमातून काढून मँड्रेलवर, म्हणजे मशीनच्या गोल दांड्यावर, तिरक्या गुंडाळायच्या, खालच्या थराची फट वरच्या थराने झाकायची. मशीनवरून उतरलेली नळी ओली असते. आमच्याकडचं ऊन बघून वाटेल, टाका अंगणात. तशी टाकली तर एक बाजू आधी सुकते आणि नळी धनुष्यासारखी वाकते. म्हणून सावलीत, उभी, वाऱ्याला.

खरी डोकेदुखी सांध्याची. उभा भार नळी निमूट सोसते, पण थेट तिला भोक पाडून बोल्ट आवळला की कागद तिथेच फाटतो. त्यामुळे टोकात लाकडी गुटका घट्ट बसवून बोल्ट त्यातून घेतो. कापलेल्या टोकाला वॉर्निश दोनदा, कारण पाणी अंगातून कमी आणि तिथूनच जास्त शिरतं. आडव्या नळीवर कायमचं वजन ठेवलं तर ती हळूहळू झुकते. म्हणून रॅकचे खांब कागदाचे आणि फळ्या प्लायच्या. सगळं कागदाचंच हवं, असा हट्ट धरणारी गिऱ्हाइकं भेटतात. त्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो.

आजही घर चालतं ते कोन-नळीवरच. कमानी-स्टॉलचा हंगाम दिवाळीच्या प्रदर्शनांपासून संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत. पावसाळ्यात उघड्यावरचं काम घेत नाही. छताखाली असेल तर जागा बघून, जमिनीपासून वीतभर उचलून उभं करून देतो.