विहिरीचं जग

'कुएँ की जगत' याचा अर्थ आठवीतल्या एका मुलाने 'विहिरीचं जग' असा लिहिला. मी लाल पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. हिंदीत जगत म्हणजे विहिरीभोवतीचा बांधलेला उंच ओटा. मराठी पोराला ते कळणार कुठून? पण प्रेमचंदांची 'ठाकुर का कुआँ' त्या ओट्यावर कोणी चढायचं आणि कोणी नाही, एवढ्यावरच तर उभी आहे. पोराने चुकून बरोबर लिहिलं होतं.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत हिंदी शिकवते. ही कथा आमच्या पुस्तकात नाही. दिवाळीनंतर एखादा तास मोकळा मिळाला की मी ती झेरॉक्स काढून वाटते. जेमतेम तीन पानं. आजारी जोखूला तहान लागलीय, घरातल्या पाण्याला वास येतोय, म्हणून त्याची बायको गंगी रात्री चोरून ठाकुराच्या विहिरीवर जाते. ती अस्पृश्य, ठाकूर वरच्या जातीचा.

सुरुवातीची काही वर्षं मी कथा मोठ्याने वाचायचे आणि 'तात्पर्य सांगा' म्हणायचे. हात भराभर वर. 'अस्पृश्यता हा कलंक आहे.' 'पाणी सर्वांचं आहे.' मग विचारायचे, जोखूच्या पाण्याला वास कसला येत होता? सगळे गप्प. तात्पर्य त्यांना बालवाडीपासून पाठ होतं, त्यामुळे गोष्ट वाचायची गरजच कोणाला पडली नव्हती. आणि तात्पर्याला मी पैकीच्या पैकी मार्क देत होते, ते वेगळंच.

आता मी पहिल्या परिच्छेदावर कागद पालथे ठेवायला लावते. वास कशाचा असेल? इथे पोरं हुशार असतात, कारण विहिरी त्यांना माहीत आहेत. कुत्रं पडलं असेल, पाला कुजला असेल, गाळ काढला नसेल. कागद उलटून पुढे वाचलं की जनावर निघतं, आणि ज्याचा अंदाज बरोबर आला तो दिवसभर मिरवतो.

मग व्हरांड्यात खडूने नकाशा. विहीर, ओटा, झाड, ठाकुराचा दरवाजा. माझी अट एकच : मनाने काही काढायचं नाही, कथेतली ओळ दाखवायची आणि मगच रेघ मारायची. यावर अर्धा तास भांडणं होतात. कुप्पीचा, म्हणजे छोट्या दिव्याचा, अंधुक उजेड विहिरीवर पडतोय हे वाक्य वाचताना सगळ्यांच्या नजरेतून निसटलेलं असतं. दिवा खडूने काढला की एकदम कळतं, गंगी अंधारात का बसून राहिलीय ते.

तिसरं काम मोजायचं. कोण किती बोलतं? रंगीत पेन्सिलींनी खुणा करायच्या. ठाकूर जवळजवळ बोलतच नाही, शेवटी 'कोण आहे' एवढंच. पण भीती तर पानोपानी त्याचीच. आणि पाणी भरायला आलेल्या त्या दोन बायका! त्या नवऱ्यांच्या नावाने बोटं मोडतात, आपण ह्यांच्या मोलकरणीच म्हणतात, कळशी भरून जातात. गंगी दोन हातांवर लपून हे ऐकतेय. मला तो भाग वर्षानुवर्षं उगाच घातलेला वाटायचा. यंदा एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यांची पण विहीर कुठाय? ह्या पण हुकमावरच आल्यात."

पाणी उकळलं तर चालतं हे गंगीला ठाऊक नव्हतं, असं एक वाक्य कथेत आहे. पोरं त्यावर चिडतात, लेखकानेच का नाही सांगितलं तिला? हे वाक्य कोण बोलतंय, गंगी की लेखक, हे समजावताना माझी दरवर्षी दमछाक होते. निम्म्यांना कळतं. मी पुढे जाते.

नाट्यीकरण मात्र मी बंद केलंय. चार वर्षांपूर्वी मी वर्गात विचारलं, "गंगी कोण होणार?" एकही हात वर व्हायच्या आत सगळ्या माना एका बाकाकडे वळल्या. कोणी काही बोललं नाही. कोणाचं घर कुठल्या वाडीत, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. आणि माझीही नजर तिकडेच गेली होती. ती मुलगी उठली, "मी होते, बाई" म्हणाली, छान केलं तिने काम, नेमक्या जागी दोर सोडला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पुढचे दोन दिवस ती शाळेत आली नाही. तापही असेल. मी विचारलं नाही.

'तुम्ही गंगीच्या जागी असता तर' हा प्रश्नही तेव्हापासून मी सोडून दिला. आता विचारते : पाणी भरणाऱ्या त्या दोघींपैकी तुम्ही एक असता आणि झाडाच्या सावलीत कोणी दिसलं असतं, तर? चिठ्ठीवर लिहायचं, नाव नाही घालायचं. एक चिठ्ठी मी ठेवून दिलीय. 'घरी सांगितलं नसतं. पण पाणी पण काढून दिलं नसतं.'

सगळं झाल्यावर फळ्यावर तीन साल लिहिते. 20 मार्च 1927, महाडचं चवदार तळं. ते पोरांनी पाहिलेलं आहे. त्या दिवसानंतर तळ्यातून घागरी भरभरून पाणी उपसून ते 'शुद्ध' केलं गेलं, हे बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळतं. 1932, ही कथा. 1937, तळ्याबद्दल मुंबई हायकोर्टाचा निकाल. 1924 मध्ये नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केलाच होता, हे मी शेवटी सांगते. "मग?" असं कोणीतरी विचारतंच, आणि पुढचा तास तिथून सुरू होतो.

यंदा मात्र तास तिथवर पोचलाच नाही. दरवाजा उघडल्यावर गंगीच्या हातून दोर सुटतो, घडा पाण्यात पडतो, ती पळते. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पण घागर तर विहिरीतच राहिली. सकाळी सापडणार ना."

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"गळ टाकून काढतील," एक जण म्हणाला. "मातीची असेल तर फुटली असेल." "दोर तरी गळाला लागेलच की." "वैशाखात पाणी तळाला गेलं की सगळं दिसतं, आमच्या विहिरीत तीन बादल्या निघाल्या." मग कोणीतरी विचारलं, दोर कुणाचा ते गावात ओळखतील का? घंटा झाली. चार-पाच जण तरीही व्हरांड्यातल्या खडूच्या विहिरीभोवती उकिडवे बसून राहिले.