तुम्ही विचारलंत म्हणून: ते जुनं घर पाडून नवीन का नाही बांधत?

भारतातून कोणीही आलं की दुसऱ्या चहाला हा प्रश्न येतोच. सासर माझं अमेरिकेतल्या युटा राज्यातलं, सॅनपीट काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. नवऱ्याचे खापरपणजोबा डेन्मार्कहून आलेले मॉर्मन (युटात येऊन वसलेला एक ख्रिस्ती पंथ), आणि त्यांनी बांधलेलं घर म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, ज्याला इथे अ‍ॅडोब म्हणतात. १८६९ मध्ये युटात रेल्वे आली त्याच्या आधी काच, खिळे सगळं बैलगाड्यांतून ओढत आणायचे, म्हणून माती जिंदाबाद.

खरं सांगायचं तर पाडायचंच ठरलं होतं. खालून भिंतीचे पोपडे निघत होते, लोणा धरला होता, मला वाटलं वय झालं बिचारीचं. पण जुन्या घरांचं काम करणारा एक गवंडी आला, त्याने नखाने टोकरून पाहिलं आणि म्हणाला, हे म्हातारपण नाही, हे सिमेंट आहे. कधीतरी कोणीतरी प्रेमाने, मजबूत व्हावं म्हणून बाहेरून सिमेंट थापलेलं. मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते, सिमेंट तिला सोडूच देत नाही, मग पाणी आत अडकतं, थंडीत गोठतं, फुगतं, आणि वीट आतल्या आत भुगा होते. म्हणजे दीडेकशे वर्षं टिकलेलं घर आम्ही दुरुस्त करून मारत होतो! 😅 दोन उन्हाळे गेले नुसतं सिमेंट उतरवण्यात, हळूहळू, छिन्नीने, मग चुन्याचा गिलावा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे, "अगं, हे तर आपल्या गोठ्यासारखं, यासाठी अमेरिकेला गेलीस?"

आतले दरवाजे पाइनचे, पण रंगाने ओकसारखे रेषा काढून सजवलेले, कारण डोंगरात पाइन मिळायचं, ओकची हौस मात्र होती. नवरा रंग घासून काढायला सँडर (घासायचं मशीन) घेऊन निघाला होता, सासूबाईंनी हात धरला.

आणि हो, सरकार पाडू देत नाही असंही काही नाही. नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या सरकारी यादीत, घर असलं तरी स्वतःच्या पैशाने पाडलंत तर ते अडवत नाहीत. उलट त्यांच्या नियमांनी दहा हजार डॉलरच्या वर दुरुस्ती केली तर राज्याच्या टॅक्समध्ये खर्चाच्या २० टक्के सूट मिळते, तेवढाच हातभार.

इथे येऊन वसलेल्या या पहिल्या मॉर्मन लोकांना सगळे 'पायोनियर' म्हणतात, तो शब्द मात्र मला अजून नीट गिळता येत नाही. ही जमीन यूट या मूळ रहिवासी जमातीची होती, १८६५ ला त्यांच्यात आणि वसाहतवाल्यांत ब्लॅक हॉक युद्ध पेटलं ते याच काउंटीत, मँटी गावात. २४ जुलैला, मॉर्मन युटात पोचले त्या दिवसाच्या मिरवणुकीत हे कोणी फारसं बोलत नाही. मी पाहुण्यांना घर दाखवताना सांगते, सासूबाई तेवढ्यात कॉफी आणायला उठतात.

उत्तरेची भिंत अजून बाकी आहे. चुन्याला कडाक्याची थंडी चालत नाही, त्यामुळे आता मे महिन्यापर्यंत ताडपत्री.