चिलमारीच्या चरांवर, कर्णबधिर मुलांच्या घरी जाताना

बांगलादेशात कुडीग्राम जिल्ह्यातल्या चरांवर, म्हणजे ब्रह्मपुत्रेतल्या वाळूच्या बेटांवर, जायचं म्हटलं की ढाक्यात सगळे एकच सांगतात: हिवाळ्यात जा, पूर नसतो, चिलमारी घाटावरून तासाभरात पोचाल. पूर नसतो हे खरं. पण नदी इतकी उतरलेली असते की पाण्यापेक्षा वाळूच जास्त. शेतीपंपाचं इंजिन बसवलेली आमची होडी रुतली, उतरून ढकलली, पुन्हा रुतली. शेवटी नावाड्याने भर वाळूत उतरवलं आणि ठरल्याच्या दुप्पट पैसे मागितले. तिथून घरांपर्यंत भुसभुशीत वाळूत पाय ओढत, पाठीवर श्रवणतपासणीचं सामान. हा टप्पा माणसाला पिळून काढतो. होडी ‘रिझर्व’ करू नका. बाजार करून परतणाऱ्या बायकांबरोबर लाइनच्या, म्हणजे सगळ्यांना घेऊन फेऱ्या मारणाऱ्या होडीत बसा. ती त्याच वाळूपर्यंत नेते, कितीतरी स्वस्तात.

ढाक्याहून दुभाषी नेणं व्यर्थ. इथली रंगपुरी बोली त्याला धड कळत नाही, आणि पुरुष असेल तर आया पडद्याआडूनच बोलतात. चिलमारीतलीच बाई सोबत घ्या. शुक्रवार टाळा.

एका घरी आईने ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेलं श्रवणयंत्र काढलं. शिबिरात मिळालेलं. सेल संपला, ६७५ नंबरचा बाजारात मिळेना, आणि कान वाढल्यामुळे यंत्राचा कानात बसवायचा साचाही बसेना. यंत्रं वाटायला निघालेल्यांना स्पष्ट सांगते: पुढच्या सेलची आणि नव्या साच्यांची सोय करता येत नसेल तर यंत्र नेऊच नका. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की यंत्र पडून असलं तरी ते उतरत जातात, म्हणून नुसतं दाखवण्यापुरताही स्टिकर काढू नका.

त्याच घरातल्या मुलीचा बाप ढाक्यात सायकलरिक्षा चालवतो. ती दोन्ही मुठी हँडल धरल्यासारख्या पुढे करते, मग दक्षिणेकडे बोट दाखवते: अब्बा. असल्या कितीतरी खुणा मायलेकींनी आपणच जुळवल्यात. पण खुणा वापरल्या तर मूल कधीच बोलणार नाही, अशी भीती कुणीतरी घालून ठेवली आहे. हे साफ चूक आहे. आजीसमोर सांगा, घरात तिचा शब्द चालतो. ‘बोलेल कधी?’ याला गोड उत्तर मात्र देऊ नका.

‘सुवर्ण नागरिक’ कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, आहे का, ते आधी विचारा. नसेल तर अपंग भत्ता मिळत नाही. उपजिल्ह्याच्या समाजसेवा कार्यालयात अर्ज करायला लावा. माझ्या मते अख्ख्या भेटीत सगळ्यात उपयोगी काम तेच.

मुलांचे फोटो काढू नका. आणि असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या, नमाजाआधी घाटाकडे निघा. अंधारात वाळूतली वाट गावकऱ्यांनाही सापडत नाही.